पाटी काढली, बिऱ्हाड आतच!

दिवाळीची आवराआवर सुरू झाली, की माळ्यावरचा जुना संगणक खाली येतो. कुणी तो भंगारवाल्याला विकतो, कुणी भाच्याला देतो, कुणी गावाकडच्या शाळेला. देण्याआधी आपण काळजीही घेतो. फोटो, पत्रं, बँकेचे कागद असं सगळं 'डिलीट' करतो, 'रिसायकल बिन'ही रिकामी करतो आणि निर्धास्त होतो. पण खरोखर सगळं गेलेलं असतं का?

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतले सिम्सन गारफिंकल आणि अभी शेलत या दोघांनी हेच तपासून पाहिलं. त्यांनी वापरलेल्या १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यातल्या १२९ चालू होत्या, आणि नीट पुसलेल्या होत्या फक्त १२! बाकीच्यांपैकी अनेकांवर लोकांची खाजगी पत्रं, औषधोपचाराची माहिती आणि पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्डांचे क्रमांक सापडले. हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला.

असं का होतं? हार्ड डिस्कवर एक अनुक्रमणिका असते. कोणती फाइल कुठे ठेवली आहे, याची तिच्यात नोंद असते. आपण फाइल डिलीट करतो तेव्हा संगणक 'ही जागा आता मोकळी आहे' एवढीच नोंद करतो. मजकूर जागच्या जागी राहतो. दारावरची पाटी काढली, पण बिऱ्हाड आतच, असा हा प्रकार. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुना मजकूर साध्या सॉफ्टवेअरनेही परत मिळू शकतो. 'क्विक फॉरमॅट' केलं तरी बदलते ती मुख्यतः अनुक्रमणिकाच.

मग उपाय काय? जुन्या मजकुरावर नवं काहीतरी लिहिणं. संपूर्ण डिस्कभर शून्यं लिहिली, की खालचं अक्षर उरत नाही. हे पस्तीस वेळा करावं लागतं, असं तुम्ही ऐकलं असेल. त्या समजुतीचं मूळ पीटर गुटमन यांच्या १९९६ सालच्या निबंधात आहे. पण त्यातल्या बऱ्याचशा आवर्तनांचा रोख त्या काळच्या जुन्या डिस्कवर होता. आधुनिक हार्ड डिस्कसाठी एकदाच पूर्ण लिहिणं पुरेसं आहे, असं अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेने २००६ सालीच सांगितलं.

घरच्या घरी हे जमण्यासारखं आहे. आधी हवं ते दुसरीकडे उतरवून घ्या. मग विंडोजमध्ये 'रिसेट धिस पीसी' निवडून 'रिमूव्ह एव्हरीथिंग' म्हणा आणि पुढच्या सेटिंगमध्ये 'क्लीन डेटा' चालू करा. मोठ्या डिस्कला काही तास लागतात. ते लागू द्या.

संगणकात एसएसडी असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. तिच्यात फिरती तबकडी नसते, चिप असतात. त्या सारख्या झिजाव्यात म्हणून ती नवा मजकूर दुसऱ्याच जागी लिहिते आणि जुना कुठेतरी शिल्लक राहू शकतो. तिच्यासाठी उत्पादकाच्या सॉफ्टवेअरमधली 'सिक्युअर इरेज' ही सोय वापरावी. त्याहून चांगलं म्हणजे पहिल्या दिवसापासून डिस्कवरचा मजकूर सांकेतिक रूपात, म्हणजे 'एन्क्रिप्ट' करून ठेवावा. मग किल्ली नष्ट केली, की कुलूप कायमचं.

आणि बंद पडलेली डिस्क? ती पुसता येत नाही, पण जाणकार माणूस ती वाचू शकतो. म्हणून तिच्या तबकड्यांना आरपार भोकं पाडावीत. चष्मा आणि हातमोजे घालून. काही तबकड्या काचेच्या असतात. उरलेले तुकडे ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्रात द्यावेत.

तुम्ही म्हणाल, 'आमच्या संगणकात असं काय मोठं आहे?' पण त्यात माहिती फक्त आपलीच नसते. डॉक्टरांकडे रुग्णांची असते, कर सल्लागाराकडे अशिलांची, सोसायटीच्या चिटणिसाकडे सगळ्या सभासदांची. मॉर्गन स्टॅन्ले या बड्या वित्तसंस्थेने जुन्या डिस्कची विल्हेवाट सामान वाहून नेणाऱ्या कंपनीवर सोपवली. त्यातल्या काही ग्राहकांच्या माहितीसकट लिलावात विकल्या गेल्या. २०२२ साली त्यापोटी तिला साडेतीन कोटी डॉलर दंड भरणं मान्य करावं लागलं.

घर सोडताना आपण कपाटं उघडून पाहतो, मगच किल्ली देतो. संगणक देतानाही एवढं करायला हवं.