सरावाचे तास आणि शर्यतीचा निकाल

मध्यंतरी एका खेड्यातल्या शाळेत जाण्याचा योग आला. तिथल्या खेळाच्या शिक्षकांनी आपली वही माझ्यापुढे ठेवली. तालुक्यासाठी निवडलेली आठ मुले, प्रत्येकाचे आठवड्याचे सरावाचे तास, आणि समोर आठशे मीटर धावण्याची वेळ. गुरुजी म्हणाले, "सर, सगळ्यांत जास्त घाम गाळणारा पोरगा सहावा आला. तासांचा नि निकालाचा मेळच बसत नाही. हेडमास्तर म्हणताहेत, मग पहाटेचा सराव बंदच करू या."

वही खोटी नव्हती. तिचा अर्थ लावण्यात घोटाळा होता, आणि त्यापायी चाळीसएक मुलामुलींचे मैदान बंद होऊ घातले होते. म्हणून हा विषय आज आपल्यापुढे मांडतो.

उसाचेच उदाहरण घ्या. एकाच पाटावर आठ जणांचा ऊस आहे आणि पाण्याची पाळी सगळ्यांना जवळजवळ सारखी मिळते. तरीही एकरी उत्पन्न कमीजास्त येते. कुणाची जमीन भारी, कुणाचे बेणे चांगले, कुणी खत वेळेवर घातलेले. या आठ शेतांचे आकडे मांडले तर पाण्याचा आणि उत्पन्नाचा संबंध फारसा दिसणार नाही. म्हणून उसाला पाणी लागत नाही असे कुणी म्हणेल काय? संबंध दिसायला पाणी न मिळालेले शेतही हिशेबात धरावे लागते. गुरुजींच्या वहीत नेमके तेच नव्हते. आठही मुले भरपूर सराव करणाऱ्यांतूनच निवडलेली. मैदानावर न फिरकणारी मुले वहीत आलीच नाहीत.

मोठ्या आकड्यांतही असेच दिसते. 2016 साली ब्रूक मॅक्नमारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेळातल्या सरावाविषयीचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. खेळाडूंच्या कामगिरीत जी तफावत होती, तिच्यापैकी सुमारे शेकडा 18 तफावतीचा मेळ सरावाशी बसला. अव्वल दर्जाच्या खेळाडूंपुरते पाहिले, तर हा आकडा शेकडा 1 वर आला. हा 1 वाचून "थोर खेळाडूंना सराव लागत नाही" म्हणणे म्हणजे पाटावरच्या उसाला पाणी नको म्हणणे झाले. तसेच 18 म्हणजे यशात अठरा टक्के सराव आणि बाकी सारे नशीब, असेही नव्हे. हा आकडा एकट्यादुकट्या मुलाविषयी काही सांगत नाही. तो पुष्कळ जणांमधल्या फरकाविषयी बोलतो.

आता उलट बाजू. सबंध शाळेची नोंद घेतली आणि जास्त सराव करणारी मुलेच पुढे दिसली, तर सरावाने वेग वाढला हे सिद्ध झाले का? लगेच नाही. जो मुळात चपळ असतो, त्यालाच आपण शिक्षक मंडळी रोज मैदानावर बोलावतो. खरे सांगायचे तर मागे पडणाऱ्याचे नावही आपल्या लक्षात राहत नाही. शिवाय वयाचा फरक असतो. कॅनडात आइस हॉकीच्या मुलांचे गट 1 जानेवारीपासून वय धरून पाडीत. 1985 साली बार्नस्ली यांच्या अभ्यासात दिसले की वरच्या संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेले खेळाडू शेवटच्या महिन्यांत जन्मलेल्यांपेक्षा बरेच जास्त आहेत. दहा-अकरा महिन्यांनी थोराड असलेला मुलगा निवडला जातो, मग त्यालाच जास्त सराव मिळतो. तासांच्या रकान्यात हे वय लपून बसते.

आणि सराव म्हणायचे तरी कशाला? बहामाचा डोनाल्ड थॉमस 2006 साली उंच उडीकडे वळला आणि 2007 साली ओसाकाला 2.35 मीटर उडी मारून जगज्जेता झाला. 2004 चा ऑलिंपिक विजेता, स्वीडनचा स्टेफान होल्म, वर्षानुवर्षे उड्याच मारीत आलेला, तो तिथे चौथा आला. पण थॉमस आधी बास्केटबॉल खेळे. त्या खेळात मारलेल्या उड्या कोणत्या रकान्यात लिहायच्या? आपल्याकडेही, दोन कोस चालत शाळेत येणारी आणि सुटीत गुरांमागे धावणारी मुलगी वहीत "सराव: शून्य तास" अशीच नोंदली जाते.

मी गुरुजींना एवढेच सुचवले की मुलाची तुलना शेजारच्या मुलाशी न करता त्याच्याच मागच्या महिन्याच्या वेळेशी करून पाहावी. सराव सोडून गेलेल्यांची नावेही खोडू नयेत, त्यांचीही वेळ घ्यावी. वाढत्या वयाची मुले सराव न करताही थोडीफार वेगवान होतातच; तेव्हा दोन्हींतले अंतर पाहिल्याशिवाय काही कळायचे नाही.

गुरुजींनी तिथल्या तिथे पट्टी घेऊन दोन रकाने आखले: एक जन्मतारखेचा, दुसरा घर ते शाळा अंतराचा. हेडमास्तरांनी पुढच्या परीक्षेपर्यंत थांबायचे कबूल केले आहे. तोवर पहाटेची शिटी चालू राहील.