अर्ध्या सेकंदाची गोष्ट

वराळ्याच्या एका अंगाला तळेगावची एमआयडीसी, पलीकडे चाकण. या पट्ट्यात काम मिळणं फारसं अवघड नाही, टिकणं अवघड आहे. आणि हल्ली गेटपासून स्टोअरपर्यंत जिथं तिथं पडदा आणि कीबोर्ड आहे. हजेरी त्यावर, मालाची आवक-जावक त्यावर, डिस्पॅचचं चलन त्यावर, 2018 पासून ई-वे बिलही त्यावरच. दारू सोडलेला, चाळिशी ओलांडलेला माणूस या पडद्यासमोर बसतो तेव्हा काय होतं ते बघून या, असं संपादकांनी सांगितलं. म्हणून इथल्या एका छोट्या वर्गात जाऊन बसलो. खोली साधी, यंत्रं जुनी, शिकणारे सगळे पुरुष. कुणाचं नाव छापायचं नाही ही वर्गाची अट, आणि ती मला पटते.

या कामाचं मूळ शोधायला फार लांब जावं लागत नाही. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लेख लिहिले. ते वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी पैशाचं बळ दिलं आणि 1986 साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. व्यसनातून बाहेर पडलेला माणूसच पुढच्या माणसाचा हात धरतो, ही रीत तिथं पक्की रुजली. संगणकाचा प्रवास वेगळ्या वाटेनं झाला. 2001 साली एमकेसीएल स्थापन झालं आणि एमएस-सीआयटी हा शब्द खेडोपाडी पोचला. 2017 मध्ये केंद्राची ग्रामीण डिजिटल साक्षरता योजना आली. तिच्यात 20 तासांचा अभ्यासक्रम होता, वयाची अट 14 ते 60 आणि घरटी एकच जण. त्या ‘घरटी एक’मध्ये पिणाऱ्याचा नंबर लागत नव्हता. घरातली मुलगी किंवा सून जायची, आणि जावंच तिनं. पण हा माणूस राहायचा तो राहायचाच.

शिकवणाऱ्या बाईंना सगळे मॅडम म्हणतात, त्या सगळ्यांना दादा किंवा काका म्हणतात. त्यांचं शिकवणं पाहताना मी एका अगदी बारीक गोष्टीत अडकलो: डबल क्लिक.

दारू बंद केल्यावर काही तासांतच हात थरथरायला लागतो. बहुतेकांची थरथर पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरते. काहींची थोडीशी मागे रेंगाळते, आणि वर्षानुवर्षं पिऊन लहान मेंदूला इजा झालेली असली तर कायमची राहते. चहाचा कप धरताना ती दिसतही नाही. माउस मात्र ती लगेच पकडतो. विंडोजच्या नेहमीच्या मांडणीत दुसरी टिचकी पहिलीनंतर अर्ध्या सेकंदाच्या आत पडावी लागते, आणि मधल्या वेळात बाण जवळपास जागचा हलता कामा नये. हात जरासा सरकला की संगणक समजतो, याला ही वस्तू उचलून दुसरीकडे ठेवायची आहे.

“मॅडम, फाइल पळाली,” असं माझ्या शेजारी बसलेले एक काका म्हणाले. पूर्वी ते प्रेस मशीनवर ऑपरेटर होते. टनांचा दाब देणारं यंत्र ज्यानं वर्षानुवर्षं चालवलं, त्याला हातात मावणारा माउस आवरेना. मागे कुणीतरी हसलं. काकांनी माउस सोडून हात मांडीखाली घेतला.

मॅडमनी माउस बाजूला सरकवला. “काका, एकदाच दाबा. निळं झालं? आता एन्टर.” फाइल उघडली. डबल क्लिकची वेळ वाढवायची पट्टी माउसच्या सेटिंगमध्ये असते, पण मॅडम सुरुवातीला डबल क्लिक शिकवतच नाहीत. हात स्थिर झाला की तो आपोआप येतो असं त्यांचं निरीक्षण आहे. कुठलंही पुस्तक पहिल्याच धड्यात माउस हातात देतं, त्यामुळे हे वाटतं त्यापेक्षा मोठं धाडस आहे.

दुसरी अडचण कीबोर्डची. जड बोट बटणावर जरा जास्त टेकलं की ‘क’ऐवजी ‘कककक’ उमटतं. त्यावरचा उपाय विंडोजमध्ये 1995 पासून आहे. उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरलं की फिल्टर कीज सुरू करायची विचारणा होते. ते सुरू केलं की चुकून पडलेले आणि लागोपाठचे ठोके यंत्र मनावर घेत नाही. शिफ्ट पाच वेळा दाबलं तर स्टिकी कीज. मग शिफ्ट दाबून ठेवायला लागत नाही. आधी शिफ्ट, ते सोडून मग अक्षर. अपंगांसाठी केलेल्या या सोयी लाखो यंत्रांत निजून असतात, आणि शिकवणाऱ्यांतल्या फार थोड्यांना त्या ठाऊक असतात याचं मला वाईट वाटलं.

मराठीसाठी इथं इनस्क्रिप्ट आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बरीचशी व्यंजनं उजव्या हाताला. बोलायचं त्या क्रमानं लिहायचं, त्यामुळे ‘दिवस’मधली वेलांटी दिसते आधी, पण दाबायची ‘द’नंतर. ‘ळ’ मात्र शिफ्टशिवाय मिळत नाही, आणि वराळे, मावळ, तळेगाव, पत्त्यातला प्रत्येक शब्द ‘ळ’चा! काकांनी स्टिकी कीज लावून स्वतःचा पत्ता एकदाही न खोडता लिहिला. मग मॅडमला न विचारता त्याखाली पुन्हा लिहिला.

वर्ग संध्याकाळी सातला भरतो, ते मुद्दाम. पाय गुत्त्याकडे वळायची तीच वेळ. इथपर्यंत सगळं माझ्या मनासारखं होतं.

पण वर्गात जे शिकवलं जातं त्यातच धोकाही आहे. यूपीआय शिकवावं तर लागतंच, पगार खात्यात येतो. पण पूर्वी बायकोच्या हातात जाणारी रोकड आता त्याच्या खिशातल्या फोनमध्ये असते. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेनं बंदीचा कायदा केला, तरी सट्ट्याचे बेकायदा दुवे मोबाइलवर येत राहतात. एक व्यसन सुटलेल्याला दुसरं लागायला वेळ लागत नाही, हे या क्षेत्रातले सगळेच सांगतात. इंटरनेट उघडायला शिकवताना मॅडम मागे उभ्या असतात. घरी कुणी नसतं.

त्यात ओटीपी. पिण्याच्या दिवसांत फोन विकलेला असतो, सिम बंद पडून नंबर दुसऱ्याच कुणाला गेलेला असतो, आणि बँक अजून त्याच नंबरवर ओटीपी पाठवते. एका दादांचे कितीतरी वर्ग नुसतं खातं पुन्हा हाताशी आणण्यात गेले. नवा नंबर घेतला की जुने मित्र तो शोधून काढतात, ग्रुपमध्ये ओढतात, आणि शनिवारी फोटो यायला लागतात. ग्रुपमधून बाहेर कसं पडायचं हे मॅडम फॉर्म भरण्याच्याही आधी शिकवतात.

गळती आहेच, आणि ठेकेदाराचा पगार झाला की ती वाढते. आलेला माणूस पुन्हा पहिल्या धड्यापासून बसतो, त्याला कुणी काही विचारत नाही. पण प्रमाणपत्राच्या परीक्षेची तारीख त्याच्यासाठी थांबत नाही. सरकारी लिपिक व्हायचं तर मराठीत मिनिटाला 30 शब्द लागतात. पन्नाशीच्या, कंप असलेल्या हाताला ते झेपेल असं मला वाटत नाही, आणि मॅडमही तशी आशा कुणाला लावत नाहीत. त्यांचं लक्ष्य स्टोअरमधली नोंद, गेटवरचं रजिस्टर, एक्सेलमधल्या चार रकान्यांची बेरीज एवढंच. त्यातही यंत्रं जुनी. विंडोज 10 चे सुरक्षा अपडेट ऑक्टोबर 2025 मध्ये थांबले, आणि नवी आवृत्ती या डब्यांवर चढत नाही.

शेवटच्या धड्यात बायोडेटा करतात. नाव, पत्ता, शिक्षण भराभर होतं. ‘मागील अनुभव’पाशी सगळे थबकतात, कारण मधली दोन-तीन वर्षं कोरी असतात. काकांचं म्हणणं, ‘आजारपण’ लिहावं, ते खोटं नाही. दुसऱ्या एका दादांचं म्हणणं, सरळ ‘व्यसनमुक्ती उपचार’ लिहावं, नाहीतर कुणीतरी पुढे सांगणारच. मॅडमना तारखाच न लिहिणं बरं वाटतं. मी दादांच्या बाजूचा आहे, पण नोकरी मला मागायची नाही. त्या संध्याकाळी तो रकाना कुणीच भरला नाही.