पकड अंगठ्याची
लेखमाला : खिशातला कॅमेरा (भाग ५)

मुंबई-गोवा महामार्गावर हातखंबा मागे पडला की पाली येते. कोल्हापूरचा रस्ता इथूनच फुटतो आणि नाणीज, साखरपा करत आंबा घाट चढतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. या दिवसांत पालीच्या नाक्यावर उतरलेल्या माणसाचा एक हात छत्रीत गुंतलेला असतो. कॅमेऱ्याच्या वाट्याला उरतो तो दुसरा, आणि तोही ओला. महागडे छोटे कॅमेरे घडवणाऱ्यांनी छत्रीचा विचार केलेला दिसत नाही.

मागच्या भागात सेन्सर आणि लेन्सचा हिशेब झाला. हे कॅमेरे हातात कसे बसतात, हा प्रश्न राहिला होता. सोनीचा पहिला आरएक्स१०० आला २०१२ मध्ये. बॅटरी आणि कार्ड धरून वजन २४० ग्रॅम, अंग गुळगुळीत ॲल्युमिनियमचे, आणि पुढे बोट अडकवायला उंचवटा म्हणून काही नाही. २०२४ चा फुजीफिल्म एक्स१००व्हीआय ५२१ ग्रॅमचा. त्याला पुढे जेमतेम एक फुगवटा आहे. लायका क्यू३ तर ७४३ ग्रॅम. त्यातल्या त्यात हाताचा विचार रिकोच्या जीआर थ्रीने केला. तो २५७ ग्रॅमचाच आहे, पण पुढच्या रबरी उंचवट्यामुळे एका हातात चपखल बसतो. त्याला वेगळी ग्रिप घेण्याची घाई करू नये.

कॅमेरा एका हातात धरला की लेन्सचे वजन त्याचे नाक खाली ओढते. ते सावरायला दोन जागा असतात, पुढून मधले बोट आणि मागून अंगठा. तर्जनीने फक्त शटर दाबायचे, वजन पेलायचे नाही. पुढची बाजू गुळगुळीत असली की मधले बोट घसरते, माणूस नकळत मूठ आवळतो, आणि आवळलेली मूठ थरथरते. तर्जनी मदतीला धावली की शटर दाबण्याच्या नेमक्या क्षणी कॅमेऱ्याचा उजवा कोपरा खाली जातो. जुन्या नियमाने २८ मिमीच्या लेन्सला १/३० सेकंद पुरतो, पण चार कोटी पिक्सेलच्या चित्रात तेवढी थरथरही उघडी पडते. कॅमेऱ्यातले स्टॅबिलायझेशन ती बरीचशी झाकते, मात्र वाकडे झालेले क्षितिज ते सरळ करत नाही.

म्हणून ज्याच्या कॅमेऱ्याला हॉट शू आहे, त्याने पहिला खर्च अंगठ्यावर करावा. फ्लॅश बसवायच्या खाचेत सरकणारी, मागे अंगठ्याला आडोसा देणारी ही छोटी धातूची पट्टी म्हणजे थंब ग्रिप. सोनीने २०१२ मध्ये आरएक्स१ बरोबर स्वतःचीच टीजीए-१ विकायला काढली. लायकाही क्यू मालिकेसाठी असा आधार देते. अंगठा एकदा टेकला की बाकीची बोटे सैल पडतात. घेताना दोन गोष्टी तपासाव्यात. पट्टी खाचेत घट्ट बसते का, कारण सैल असेल तर ती कधी गळून पडली ते कळतही नाही. आणि एक्स१००व्हीआयसारख्या कॅमेऱ्यात उजव्या कोपऱ्यातली एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनची चकती तिच्याखाली अडकत नाही ना. फ्लॅश वापरणाऱ्याला मात्र ही पट्टी दर वेळी काढावी लागणार.

आरएक्स१००च्या मूळ मॉडेलला हॉट शूच नाही. तिथे चिकटवायची ग्रिप हाच मार्ग. सोनीची एजी-आर२ आहे, आणि अमेरिकेतल्या रिचर्ड फ्रॅनिएक यांच्या ॲल्युमिनियमच्या ग्रिप्स छोट्या कॅमेऱ्यांच्या शौकिनांत नावाजलेल्या आहेत. जाडी काही मिलिमीटरच, तरी मधल्या बोटाचे पेर तिथे अडते आणि तेवढे पुरते. अडचण चिकटपट्टीची. जागा स्पिरिटने पुसून कोरडी करावी, ग्रिप आधी नुसती टेकवून बोटांची जागा ठरवावी, मग दाबून बसवावी. चांगल्या ॲक्रिलिक पट्टीला पूर्ण पकड घ्यायला तीन दिवस लागतात. दुपारी चिकटवून संध्याकाळी तिच्या भरवशावर कॅमेरा एका हातात घेऊन निघण्यात अर्थ नाही. कोकणात हे काम मे महिन्यातच उरकलेले बरे.

कातड्याच्या हाफ-केसबद्दल इथे कडक बोलले पाहिजे. दिसायला ती देखणी, मुंबईत बोरा बाजारातल्या काउंटरवर हातात घेतली की मोह होतोच. पण पावसाळ्यात पालीतल्या कपाटात चपला-पट्ट्यांवर जी पांढरी बुरशी येते, ती या केसवरही येते, आणि आत कॅमेरा असेल तर लेन्सच्या काचेपर्यंत पोचायला तिला फार लांब जावे लागत नाही. हौस असेल त्याने केस जरूर वापरावी. ठेवताना कॅमेरा बाहेर काढून सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा.

पावसाचाच विषय निघाला आहे तर एक्स१००व्हीआयची एक गंमत. त्याचे पाण्यापासूनचे संरक्षण पुरे होते ते पुढे एआर-एक्स१०० ही रिंग आणि ४९ मिमीचा फिल्टर लावल्यावर. म्हणजे कोकणातल्या गिऱ्हाइकाने ग्रिपच्या आधी या दोन वस्तूंचे पैसे बाजूला काढावेत. क्यू३ला आयपी५२ मानांकन कंपनीकडूनच आहे. आरएक्स१०० आणि जीआर थ्रीला असे काही कवच नाही, त्यांना छत्रीच.

रिस्ट स्ट्रॅप ही सगळ्यांत स्वस्त वस्तू आणि सगळ्यांत उपयोगाची. शिमग्यात पालखी नाचते तेव्हा गर्दीत डोळ्याला कॅमेरा लावायला जागा नसते. हात वर करून अंदाजाने फोटो घ्यावे लागतात. गळ्यातला लांब पट्टा तिथे कोणाच्या तरी खांद्यात अडकतो. कातळशिल्पांवरही हेच. रत्नागिरी तालुक्यातल्या उक्षी आणि जांभरुणची शिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, तेव्हापासून सड्यावर कॅमेरे वाढले. कोरीव रेषा उठून दिसतात त्या सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, आणि आकृती वरून टिपायची तर हात डोक्यावर ताणून कॅमेरा खाली वळवावा लागतो. खाली जांभा. मनगटात पट्टा नसेल तर पुढचे सांगायला नको. पट्टा कॅमेऱ्याला जोडणारी बारीक दोरी अधूनमधून बघत जावी. पीक डिझाइनच्या अँकरमध्ये दोरी झिजली की आतला वेगळा रंग दिसू लागतो. तो दिसला की अँकर बदलायचा.

शटरच्या बटणावर बसवायच्या सॉफ्ट रिलीजच्या गोंडस टिकलीवर मात्र फार जीव लावू नये. एक्स१००व्हीआयच्या बटणात आटे आहेत, त्यामुळे ती बसते, बोटाला बरी वाटते, पिशवीत आपोआप दाबली जाते आणि एक दिवस आटे सुटून हरवते.

शेवटी तळाशी स्क्रूने बसणारी धातूची ग्रिप. ट्रायपॉडच्या पाव इंची भोकात ती बसते आणि बहुतेकींची खालची कड आर्का-स्विस पद्धतीची असते, म्हणजे वेगळी प्लेट लागत नाही. ट्रायपॉड नेहमी वापरणाऱ्याला ती हवी. बाकीच्यांच्या खिशात कॅमेरा मावेनासा होतो, मग छोटा कॅमेरा घेतला कशाला? घ्यायचीच तर बॅटरीचे झाकण ग्रिप न काढता उघडते का, ते दुकानातच उघडून पाहावे. जीआर थ्रीची बॅटरी कंपनीच्याच आकड्याने सुमारे २०० फोटोंत संपते. उक्षीच्या सड्यावर ती बदलायला स्क्रू फिरवत बसावे लागले, तर तिरपे ऊन तेवढा वेळ थांबणार नाही. या बॅटऱ्यांचा हिशेब पुढच्या आठवड्यात.