'नेटवर्क स्लो आहे': एका तक्रारीची तीस-पस्तीस वर्षं

ऑफिसात रिपोर्ट अडकला की पहिलं बोट नेटवर्ककडे जातं. नव्वदीच्या सुरुवातीला त्यात तथ्यही होतं. नोव्हेल नेटवेअरचा सर्व्हर, काळ्या कोअॅक्सियल केबलवर ओळीने जोडलेली मशीन्स, दोन्ही टोकांना 50 ओहमचे टर्मिनेटर. त्यातला एक सैल झाला की अख्खी लाइन आडवी. वेग 10 मेगाबिट, तोही सगळ्यांत वाटून.

पण खरी मेख फॉक्सप्रो-क्लिपरच्या पद्धतीत होती. सर्व्हर नुसती फाइल सांभाळायचा. शोधाशोध टेबलावरचं मशीन करायचं. इंडेक्स नसेल तर एका ग्राहकासाठी सगळी डीबीएफ तारेवरून यायची. एक लाख नोंदी, प्रत्येकी 200 बाइट. तार पूर्ण मोकळी मिळाली तरी 16 सेकंद.

क्लायंट-सर्व्हर रुळलं तशी शोधाशोध सर्व्हरवर गेली आणि तारेवरून फक्त उत्तर येऊ लागलं. 1995 मध्ये 100 मेगाबिट इथरनेटचं मानक आलं, 1999 मध्ये तांब्याच्या तारेवरचं गिगाबिट. ते 16 सेकंद हिशेबाने 0.16 वर आले. तक्रार मात्र तशीच राहिली.

आता नडत होत्या त्या सर्व्हरकडच्या फेऱ्या. आधी 5,000 बिलांची यादी आणायची, मग प्रत्येक बिलाच्या ग्राहकाचं नाव वेगळ्या क्वेरीने विचारायचं, असे प्रोग्रॅम सर्रास लिहिले गेले. फेरीला अर्धा मिलिसेकंद धरला तर अडीच सेकंद. वायफायवर तीच फेरी 5 मिलिसेकंदांची झाली की 25. प्रोग्रॅमरच्या मशीनवर डेटाबेस शेजारीच असतो, त्यामुळे त्याला हे दिसतच नाही. इथे जाड तारेचा उपयोग नाही. जॉइन लावून एकच क्वेरी लिहिली की काम भागतं.

कधी नेटवर्क दोषी निघालंच, तर तेही बहुधा सेटिंगमुळे. स्विचवर फुल डुप्लेक्स सक्तीने आणि कार्ड ऑटोवर, तर कार्ड हाफवर घसरतं: पिंग ठणठणीत, पण मोठा रिपोर्ट रांगतो. मायएसक्यूएलमध्ये जोडणीलाच वेळ लागून पुढे सगळं पळत असेल, तर सर्व्हर क्लायंटच्या आयपीवरून नाव शोधत बसलेला असू शकतो. 'स्किप-नेम-रिझॉल्व्ह' लावलं की तो शोध थांबतो.

या सगळ्यातून तपासाचा क्रम पक्का झाला. तीच क्वेरी आधी सर्व्हरवर चालवायची. तिथेही रेंगाळली तर एक्सप्लेन आणि इंडेक्स. तिथे झटपट आणि टेबलावर मंद, तर फेऱ्या आणि येणाऱ्या ओळी मोजायच्या. केबलवाल्याला फोन त्यानंतर.