विश्लेषण : ढासळलेला बुरूज सरकार पुन्हा का बांधत नाही?

तट ढासळलाय, बुरूज पडलाय, मग तो पुन्हा बांधत का नाहीत? गडावर गेलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो. निधीची चणचण हे अर्धेच उत्तर. उरलेले अर्धे इंग्लंडमध्ये सापडते.

एकोणिसाव्या शतकात तिथे ‘मूळ रूप’ देण्याच्या नावाखाली जुनी चर्च मनाजोगती बदलली जात होती. त्याविरोधात विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये संस्था काढली. विचार जॉन रस्किन यांचा : दुरुस्ती करा, पुनर्बांधणी नको. काळाच्या खुणा पुसल्या की वास्तू खोटी होते.

हा विचार भारतात कसा आला?

लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दीत, १९०४ मध्ये प्राचीन स्मारकांचा कायदा झाला. पुरातत्त्व खात्याचे महासंचालक जॉन मार्शल यांनी १९२३ मध्ये जतनाची नियमपुस्तिका लिहिली. झिजलेला का असेना, मूळ दगडच मोलाचा; अंदाजाने काही उभारायचे नाही, हे तिचे सूत्र. इंग्रज गेले, १९५८ मध्ये नवा कायदा आला. पुस्तिका मात्र वापरात राहिली. १९६४ च्या व्हेनिस सनदेचा सूरही तोच.

आपल्याकडची रीत वेगळी होती : जीर्णोद्धार. पडके देऊळ पडकेच ठेवणे गावाला दुर्लक्ष वाटते, जतन नव्हे. अहिल्याबाई होळकरांनी काशीत उभारलेले विश्वनाथाचे मंदिर मार्शल यांच्या चौकटीत बसवणे अवघडच. अर्थात, पूजा सुरू असलेल्या वास्तूंना थोडी मोकळीक हवी, हे मार्शल यांनाही मान्य होते.

या चौकटीला धक्का दिला जपानने. तिथले इसे मंदिर दर २० वर्षांनी नव्याने बांधतात, तरी ते अस्सलच मानले जाते. अस्सलपणा त्या-त्या संस्कृतीनुसार ठरवावा, हे १९९४ च्या नारा दस्तऐवजाने मान्य केले. भारतात ‘इंटॅक’च्या २००४ च्या सनदेने जीर्णोद्धाराला आणि पारंपरिक कारागिरांना स्थान दिले. पण ती सनद म्हणजे कायदा नव्हे.

मग परदेशी नियम फेकून द्यायचा? तेही सोपे नाही. चुन्याच्या जुन्या बांधकामावर सिमेंट थापले की ओल आत अडकते आणि दगड खराब होतो. रायगडावरच्या वाड्यांची जोती उरली आहेत. वरचा भाग उभारायचा तर कोणत्या आराखड्यावरून? २०२५ मध्ये १२ मराठा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले ११ महाराष्ट्रातले. त्यामुळे अस्सलपणाची विचारणा आता युनेस्कोकडूनही होणार.

खात्याच्या २०१४ च्या धोरणात पारंपरिक कारागिरांचा उल्लेख आहे. पुनर्बांधणीची अट मात्र तीच : आधी पुरावा दाखवा.