ठिणगीला न जुमानणारी लोकर

शेकोटीतून उडालेली ठिणगी सुती धोतरावर पडली तर भोक धुमसत पसरतं. तीच घोंगडीवर पडली तर केस जळल्यासारखा वास येतो, जागा काळी पडते आणि बहुतेक वेळा आग तिथेच थांबते. लोकर म्हणजे केराटिन, आपल्या केसानखांतलंच प्रथिन. त्यात सुमारे 16 टक्के नायट्रोजन, थोडं गंधक आणि बरीच मुरलेली ओल. जळत राहायला लोकरीला हवेत साधारण 25 टक्के ऑक्सिजन लागतो. हवेत असतो 21 टक्के. सुताला 18 टक्केही पुरतो.

मग लोकरीवर आगरोधक उपचार कशासाठी? कारण विमानातल्या आसनाचं कापड घोंगडीइतकं जाड नसतं आणि त्याची परीक्षा कडक असते. कापड उभं टांगून खालच्या कडेला 12 सेकंद ज्योत धरतात. ज्योत काढल्यावर ते 15 सेकंदांत विझलंच पाहिजे. उभ्या कापडावर आग झरझर वर चढते, तिथे पातळ लोकरही हार मानते.

पूर्वी टाकणखार आणि बोरिक आम्ल वापरत, पण पहिल्याच धुण्यात ते निघून जाई. 1970 च्या दशकात इंटरनॅशनल वूल सेक्रेटेरिएटच्या लाडिस्लाव्ह बेनिशेक यांनी इंग्लंडमध्ये ‘झिरप्रो’ पद्धत विकसित केली. मला तिचं फार कौतुक वाटतं, कारण ती लोकरीच्या स्वभावाला धरून चालते. आम्लाच्या पाण्यात लोकरीतल्या अमिनो गटांवर धन भार येतो. पोटॅशियम हेक्साफ्लुओरोझिर्कोनेटमधला झिर्कोनियम-फ्लोराइडचा आयन ऋण भाराचा. तो आपोआप ओढला जाऊन तंतूत शिरतो. आम्लरंगही लोकरीवर याच वाटेने चढतात, त्यामुळे गिरणीला नवं यंत्र लागत नाही. रंगाईच्या टाकीतच, 60 अंश सेल्सिअसलाही काम होतं. टायटॅनियमचा क्षारही चालतो, पण कापड पिवळं पडतं. म्हणून पांढऱ्या, फिक्या रंगांना झिर्कोनियमच.

तापल्यावर लोकर मुळातच फुगून फेसाळ कोळसा होते. झिर्कोनियममुळे हा थर अधिक भरीव बनतो, आतल्या तंतूंना आच कमी लागते आणि पेटणारे वायूही कमी सुटतात.

अडचण उरते ती टाकीतल्या पाण्याची. लोकरीला न चिकटलेलं झिर्कोनियम आणि फ्लोराइड त्यातच राहतं. विहिरीच्या पाण्यातल्या फ्लोराइडने दात आणि हाडं बिघडलेली गावं आपल्याकडे आहेत, तेव्हा हे पाणी तसंच ओढ्यात सोडणं चालणारच नाही. चुना घातला की बरंचसं फ्लोराइड तळाशी बसतं. त्यानंतर त्या गाळाची सोय लावावी लागते.