देह न सापडलेल्यांचा शोक

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २३ जुलैला शोध थांबला तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते, ५७ माणसं बेपत्ता होती. ही ठाकर समाजाची वाडी.

देह दिसला नाही की आशा आणि शोक एकाच वेळी चालू राहतात. अमेरिकन अभ्यासक पॉलिन बॉस यांनी १९७० च्या दशकात, युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांमध्ये, हे दुःख ओळखलं. हा वेडेपणा नव्हे, दुबळेपणा तर मुळीच नव्हे. घरात एकाला दिवस घालायचे असतात, दुसऱ्याला अजून वाट पाहायची असते. दोघांचंही खरं असतं. बाईने मंगळसूत्र काढलं नाही, तर नातेवाइकांनी घाई करू नये.

सात वर्षं काहीच खबर नसेल तर कायदा मृत्यू गृहीत धरतो. मोठ्या आपत्तीत मात्र सरकार चौकशी करून त्याआधीही मृत्यूचा दाखला देऊ शकतं. तो घेणं म्हणजे माणसाला विसरणं नव्हे. मदत आणि वारसनोंद त्यावरच अडते. झोप-जेवण तुटलं, तर टेली मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.